खोकल्याची जागा

७ जानेवारी

ही वही मस्तुरानं दिली. म्हणाली, "तुझ्या डोक्यात दिवसभर जे दळण चालू असतं ते ह्यात लिही, माझं डोकं खाऊ नकोस." बायको असावी तर अशी.

तर दळण असं. चायखाना घेतला. मोहल्ल्याचाच जुना, कालव्याकाठचा, तीन वर्षं त्याला कुलूप होतं. सोळा वर्षं मी मर्गिलान शहरभर लग्नांत स्पीकर लावले, आता उजव्या कानात सारखी शिट्टी वाजते. पुरे झालं. नवरोझला, म्हणजे २१ मार्चला उघडायचा. पुलाव आमचे थोरले आचारी एर्गश अका करणार, त्यामुळे कढईची काळजी नाही. काळजी आहे ती संगीताची.

हसू येईल कुणाला. पण मोठ्या रस्त्यावरचे चायखाने बघा. भिंतीवर टीव्ही, त्यात नाचणाऱ्या पोरी, आणि माणसं एकमेकांच्या कानात ओरडून "मीठ दे" म्हणतायत. मला तसं नको. मला असं हवं की ऐकू यावं, पण ऐकावं लागू नये. माणूस नान तोडतोय, समोरच्याला आपलं रडगाणं सांगतोय, आणि कुठूनतरी दोन तारांच्या दुताराचा सूर येतोय, एवढंच. एर्गश अकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "काबिल, लोक तुझ्याकडे पोट भरायला येणार आहेत की कान?"

१५ जानेवारी

उस्ताद नियाझमतांकडे गेलो. घर म्हणजे चायखान्याच्या मागच्या दारासमोरच, मध्ये फक्त गल्ली. चौऱ्याहत्तर वय, पण दुतार हातात घेतला की बोटं विशीतली. त्यांची बायको, इनायत खाला, शेजारी बसून रेशीम पिळत होत्या. उस्तादांच्या दुताराच्या दोन्ही तारा त्याच पिळतात, लग्न झाल्यापासून. बाजारातली नायलॉनची तार घरात आली तर दोघांपैकी एकानं घर सोडायचं, असा करार आहे म्हणे.

मी माझं म्हणणं मांडलं. उस्ताद म्हणाले, "म्हणजे मी वाजवायचं आणि कुणी ऐकायचं नाही."

"तसं नाही हो, उस्ताद."

"तसंच आहे. लाजतोस काय? चाळीस वर्षं लग्नांत मी दुसरं काय केलं? पुलावाबरोबर किसलेला मुळा असतो ना, तो मी. मुळा खायला कुणी लग्नाला येत नाही. पण नसला की बोंबलतात."

"मुळ्यानं पचतं तरी," खाला सुतावरून नजर न काढता म्हणाल्या. "तुझ्यानं डोकं चढतं."

मी सांगितलं, आधी थोडं रेकॉर्ड करून ठेवू, मग नवरोझपासून तुम्ही स्वतः चायखान्यात बाजेवर बसा. हे ऐकून खालांनी सूत खाली ठेवलं. म्हणाल्या, "ह्याचं वाजवणं आजवर कुणी धरून ठेवलं नाही. रेडिओवाले एकदा येणार होते. मी दोन दिवस सामसे भाजून वाट बघितली. आले नाहीत." मग उठून त्यांनी मला बदाम दिले, मूठभर, लहान पोराला द्यावेत तसे.

वही खाजगी आहे म्हणून खरं लिहितो. उस्तादांनी बाजेवर बसावं असं मला फारसं वाटत नाही. ते मध्येच थांबतात, गिऱ्हाइकाला "तुझ्या बापाचा गुडघा कसा आहे" विचारतात, मचमच करणाऱ्याला दुताराच्या दांड्यानं ढोसतात. एकदा रेकॉर्डिंग हातात आलं की बघू. रेकॉर्डिंग कुणाला ढोसत नाही.

२३ जानेवारी

रेकॉर्डिंगचा पहिला दिवस. उस्तादांना स्वयंपाकघरामागच्या खोलीत बसवलं. जाड भिंती, एकच खिडकी, आवाज बाहेर पळत नाही. दुतार मुळात हळू बोलणारं वाद्य, त्यात रेशमाची तार, म्हणून माईक अगदी जवळ घ्यावा लागतो. आणि माईक जवळ घेतला की सगळंच ऐकू येतं. कोपऱ्यातला गॅसचा हिटर सूं सूं करत होता. हेडफोनमधून ऐकलं तर जणू उस्तादांच्या मागे कुणीतरी साप पाळलाय.

हिटर बंद केला. बाहेर उणे नऊ होतं.

"थंडी वाजेल, उस्ताद, पण तासाभराचाच प्रश्न आहे."

ते म्हणाले, "कर बंद. गरम हवेनं रेशीम मऊ पडतं, मलाच नको तो हिटर." बरं वाटलं.

काय वाजवलं! सुरुवातीला आपल्याशीच पुटपुटल्यासारखं, मग हळूहळू चढत जातं, आणि शेवटी अचानक खाली बसतं. मी माझा कोट काढून त्यांच्या गुडघ्यावर टाकला, हेही लिहून ठेवतो.

२७ जानेवारी

चौथा दिवस. उणे तेरा. आज उस्ताद येताना दोन बंड्या आणि लोकरीचे दुहेरी मोजे घालून आले. मोजे नवे, खालांनी रात्रीतून विणलेले. गल्लीपर्यंत त्या सोबत आल्या, त्यांच्या गळ्यातला मफलर पुन्हा आवळला आणि मला विचारलं, "तुझ्या त्या खोलीत ऊब असते ना?"

मी म्हटलं, "असते की."

का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. उस्तादांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, म्हणजे त्यांचीही साथ होती. खाला मात्र उस्तादांच्या मोज्यांकडे थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या.

उस्ताद अधूनमधून खोकतात. एका वाजवण्यात तीनदा खोकले. काढता येईल.

१ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. खोकला वाढला आहे. पहिल्या दिवशीचं ते मोठं वादन आज तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा अप्रतिम चाललं होतं, आणि वरच्या टोकाला, जिथून सुरानं आता खाली बसायचं तिथेच त्यांना उबळ आली. गंमत म्हणजे उजवा हात थांबलाच नाही. माणूस खोकतोय आणि हात वाजवतोय. मी वैतागून मान हलवली. ते त्यांना दिसलं. ते म्हणाले, "पुन्हा करू का?" त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी म्हटलं, राहू द्या, चालेल.

तेवढं तरी म्हटलं.

४ फेब्रुवारी

तीन दिवस हेडफोन लावून बसलोय. मस्तुरा म्हणते, तू जेवतोस कमी आणि कापतोस जास्त. सोळा वर्षांची कला आहे बाई ही. प्रत्येक खोकला, घसा साफ करणं, मध्येच बोलणं, चहाचा घोट, सगळं काढलं. त्या मोठ्या वादनातली उबळ काढणं जिकिरीचं होतं. तिथली दोन आवर्तनं गेली, म्हणून आधीचीच दोन उचलून तिथे जोडली. सांधा शोधून दाखवा, पैज.

एकूण चार तासांचं स्वच्छ संगीत. त्यात एकही माणूस नाही.

९ फेब्रुवारी

उस्तादांना इस्पितळात नेलंय. न्यूमोनिया. बघायला गेलो तर ऑक्सिजन लावलेला. त्यांनी दोन बोटं हलवली, तार छेडतात तशी. मला बोलायचं होतं. खाला शेजारी होत्या, म्हणून बोललो नाही. डाळिंबं ठेवून आलो.

१४ फेब्रुवारी

पहाटे उस्ताद गेले.

१७ फेब्रुवारी

तीन दिवस त्यांच्या दारात उभा आहे. उस्तादांना मुलगा नाही, म्हणून मोहल्ल्यातले आम्ही सहा जण लांब चोपान झग्यावर पटका बांधून, टोपी घालून ओळीत उभे राहतो, येणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवतो. लोक माझ्याकडे बघून म्हणतात, "शाबास काबिल, पोटच्या पोरासारखा उभा राहिलास." प्रत्येक वेळी वाटतं जमीन दुभंगावी.

डॉक्टर म्हणाले, ह्या वयात असं होतंच. मी ते वाक्य दिवसातून वीसदा घोकतो. ह्या वयात होतंच. ह्या वयात होतंच. मग आतून कुणीतरी विचारतं, उणे तेरामध्ये दीड तास बसवून ठेवलं की कुठल्या वयात होत नाही?

आज फातिहा झाल्यावर खालांनी आत बोलावलं. निळा झगा, डोक्याला पांढरा रुमाल. मला वाटलं, आता विचारणार. विचारलंच. पण भलतंच. "काबिलजान, तुझ्या त्या मागच्या खोलीतला हिटर आता चालतो का?"

"चालतो, खाला."

"चालू ठेवत जा," म्हणाल्या. आणि उस्तादांची एक बंडी माझ्या हातात दिली. मेलेल्या माणसाचे कपडे वाटतात, रीतच आहे. पण ह्या बाईला काहीच माहीत नाही, आणि ती मलाच बंडी देते! घरी आलो आणि बंडी ट्रंकेच्या तळाशी टाकली. मस्तुरानं विचारलं काय झालं. म्हटलं, काही नाही. तिलाही सांगितलेलं नाही.

६ मार्च

विसाव्या दिवसाचा पुलाव काल झाला. एर्गश अकांनी शिजवला, मी वाढला. भांडी घासताना ते म्हणाले, "नवरोझला पंधरा दिवस राहिले. वाद्याचं काय ठरवलंस?"

हा घोळ माझ्या लक्षात होताच, मी नुसता डोळेझाक करत होतो. चाळिसावा दिवस येतो २५ मार्चला. तोवर ह्या गल्लीत वाद्य वाजत नाही. कुणाचं लग्न असलं तर आधी दुखवट्याच्या घरी जायचं, नान घेऊन, आणि परवानगी मागायची. तिथून "वाजवा" आलं तरच वाजवायचं. माझा चायखाना तर त्यांच्या खिडकीसमोर.

"मुकाच उघडू," मी म्हटलं.

"नवरोझला मुका चायखाना? लोक म्हणतील आत मयत आहे. जा आणि विचार. म्हातारी नाही म्हणणार नाही."

तेच तर, अका. तेच तर.

१२ मार्च

गेलो. दोन नान, एक साखरेची पुडी. ठरवून गेलो होतो की आधी हिटरचं सांगायचं, मग परवानगी मागायची. मागायचं तर हात स्वच्छ करून मागावं.

खाला एकट्याच होत्या. दुतार भिंतीवर, पालथा टांगलेला. चहा ओतला. मी पियाला दोनदा रिकामा केला. तिसऱ्यांदा ओतताना त्या म्हणाल्या, "बोल ना. किती वेळ नुसता घसा खाकरतोयस?"

आणि मी काय बोललो? म्हणालो, "खाला, नवरोझला उघडतोय. दुखवट्याचं घर तुमचं. तुम्ही नाही म्हणालात तर एक सूर वाजणार नाही."

मनातून वाटत होतं की त्यांनी नाहीच म्हणावं. शिव्या द्याव्यात. हाकलून द्यावं. तेवढीच शिक्षा भोगल्यासारखं झालं असतं.

"त्याचंच लावणार ना? जानेवारीतलं?"

"हो."

"मग मोठ्यानं लाव. मला इथवर ऐकू येईल असं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटलं, तू विचारायला येणारच नाहीस."

परवानगी घेऊन बाहेर पडलो तो चोरासारखा. खाई त्याला खवखवे म्हणतात. घरी येईपर्यंत मीच खोकत होतो.

२१ मार्च

उघडला. सकाळपासून रीघ. एर्गश अकांनी दोन कढया उतरवल्या, दुपारी एकलाच पुलाव संपला. नवरोझची गोड सुमलक-खीर शेजारणींनी दिली. दुतार वाजत होता आणि कुणी ऐकत नव्हतं, अगदी मला हवं होतं तसंच. चार-चार माणसं बाजेवर मांडी घालून कापसाचे भाव, जावयाची तक्रार, मध्येच हसणं, आणि त्या सगळ्याखाली उस्ताद. एक जण जाताना म्हणाला, "बसावंसं वाटतं बाबा तुझ्याकडे, का ते कळत नाही." दोन महिन्यांपूर्वी हे ऐकून मी उडी मारली असती.

साडेतीनला इनायत खाला मागच्या दारानं आल्या. बाहेर पुरुषांची गर्दी, म्हणून सरळ मागच्या खोलीत गेल्या. तिथे मी एक छोटा स्पीकर ठेवलाय. मी चहा घेऊन गेलो तर त्या हिटरवर तळहात ठेवून उभ्या होत्या. हिटर चालू होता. नुसत्या मान हलवून बसल्या, उस्ताद बसायचे त्याच गादीवर. मला काय माहीत त्यांना तीच कशी सापडली.

ते मोठं वादन लागलं. त्यांनी डोळे मिटले. सबंध चायखान्यात ऐकणारं माणूस एकच, तेही मागच्या खोलीत. वरच्या टोकाशी आलं, सांधा आला, गेला. त्यांनी डोळे उघडले.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. तिथंच आल्यावर त्यांनी बोट वर केलं. "इथं. इथं तो मागं फिरतोय. पन्नास वर्षं ऐकतेय मी हे, इथून तो कधी मागं फिरला नाही. इथं आला की खाली बसतो. काय होतं इथं?"

मी स्पीकरची वायर नीट करू लागलो.

"काय कापलंस, काबिल?"

"खोकला," मी म्हणालो.

त्यांनी बोट खाली घेतलं. मग विचारलं, "आणि बाकीचे?"

"सगळे."

"टाकून दिलेस?"

"नाही. कापलेलं मी टाकत नाही, वेगळं ठेवतो. सवय आहे."

"मला दे," त्या म्हणाल्या. चहाला हातही न लावता गेल्या.

२२ मार्च

त्या फायलीला मी नाव दिलं होतं 'कचरा'. अकरा मिनिटं. आज पहिल्यांदा सलग ऐकली. नसती ऐकली तर बरं झालं असतं.

खोकला. घोट. "काबिल, बोटं गोठली रे, जरा पियाला धरतो हातात." माझा आवाज: "लवकर, उस्ताद, बॅटरी उतरतेय." खोकला. खोकला. उस्ताद: "म्हातारीला सांगू नकोस हं, हिटर बंद असतो ते. उद्यापासून सोडायची नाही मला." माझं हसणं. खोकला. माझा आवाज: "तेवढा खोकला दाबा ना जरा, उस्ताद."

दाबा ना जरा! मी हे म्हटलं होतं. मला आठवतसुद्धा नव्हतं. दैनंदिनीत आधीची पानं चाळून बघितली, तिथेही नाही. कोट टाकला ते लिहिलंय. वा रे लबाडा! करून सवरून नामानिराळा.

आता प्रश्न असा. खालांना खोकला हवाय. माझा आवाज कुठं हवाय? सात-आठ ठिकाणी कापलं की झालं, पंधरा मिनिटांचं काम. त्यांना उस्ताद मिळतील, आणि मी त्यात कुठंच असणार नाही. सांधा कुणाला सापडणार नाही.

सापडेल. त्यांना सापडेल. पण म्हणून थांबलो असं लिहिलं तर तेही खोटंच. कापायला बसलो होतो. त्यांचं "म्हातारीला सांगू नकोस" संपतं न संपतं तोच माझं हसणं आहे. हसणं काढायचं तर त्यांचा शेवटचा शब्द तुटतो. तो तोडवेना.

मस्तुराला उठवलं आणि सगळं सांगितलं. ती उशीला टेकून ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बंडी ट्रंकेत का टाकलीस ते आता कळलं." मग म्हणाली, "जसंच्या तसं दे. आणि ती ऐकेल तेव्हा समोर बस. पळून येऊ नकोस."

२४ मार्च

गेलो. छोटा प्लेअर नेला होता. उस्तादांची बंडी घालून गेलो. का कोण जाणे.

लावायच्या आधी बोललो, एका दमात. हिटर मी बंद करायचो. सहाही दिवस. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. मी नसतो तर ते आज इथं असते.

खाला म्हणाल्या, "आधी लाव."

अकरा मिनिटं आम्ही समोरासमोर बसलो. मी जमिनीकडे बघत होतो. माझा प्रत्येक शब्द त्या खोलीत असा मोठा वाटत होता की शेजारी ऐकतील. "म्हातारीला सांगू नकोस" आलं तेव्हा खाला हसल्या. हो, हसल्या, आणि हसता हसता रुमालाचं टोक तोंडात कोंबलं.

संपल्यावर म्हणाल्या, "मूर्ख म्हातारा. त्याला वाटायचं मला कळत नाही. घरी आला की पाय पांघरुणात घालायचा, माझ्या पायाला लागायचे, दगड नुसते. पहिल्याच दिवशी कळलं मला."

मी मान वर केली. "मग... मोजे?"

"मग काय करणार? नको जाऊ म्हटलं असतं तर तो थांबला असता. माझं ऐकायचा तो. पण म्हटलं नाही मी." त्यांचा आवाज फाटला. "मला हवं होतं ते, काबिल. त्याचं वाजवणं कुणीतरी धरून ठेवायला हवं होतं. मी मोजे विणले, दोन बंड्या चढवल्या आणि दार उघडून दिलं. रोज. तू हिटर बंद केलास, मी दार उघडलं. रोज मनात म्हणायचे, आजचा एक दिवस."

मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी खांद्याला धरून मागं ढकललं. "उठ. माझ्याकडे माफी मागू नकोस. माझ्याकडे असती तर आधी मीच घेतली असती."

मग आम्ही चहा प्यालो. दुसरं काय करणार होतो? निघताना त्यांनी भिंतीवरचा दुतार सरळ केला, आणि म्हणाल्या, "त्याचे खोकले त्याच्या जागी परत घाल. जिथून काढलेस तिथंच. तू म्हणतोस ते स्वच्छ आहे, पण तो माणूस नाही तो. आणि परवानगी मी त्याला दिली होती, त्या दुसऱ्या कुणाला नाही."

"आणि मी? माझा आवाज?"

"वाजवणारा तू आहेस का?" त्या म्हणाल्या. "तुझं तू ठेव. ऐकत जा अधूनमधून."

२७ मार्च

चाळिसावा पार पडला. काल आणि आज जोडकाम. काढताना तीन दिवस लागले होते, घालायला दोन पुरले. उसनी दोन आवर्तनं काढून फेकली. त्या जागी उबळ, आणि उबळीखाली न थांबलेला हात. आता नीट ऐकलं तर कळतं, तो खोकत खोकतच खाली बसतो. ती त्या वादनातली सगळ्यात सुंदर जागा आहे आणि मी तिथे मान हलवली होती.

एर्गश अका डोक्याला हात लावून म्हणाले, "लोक जेवतायत आणि तू खोकला लावतोस! गिऱ्हाईक पळेल." पळालं तर पळू दे.

३ एप्रिल

पळालं नाही. बहुतेकांना कळतच नाही. गर्दीच्या चायखान्यात कुणीतरी खोकणारच, एवढंच वाटतं त्यांना.

खाला रोज दुपारी मागच्या खोलीत येऊन रेशीम पिळतात. कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही. एप्रिल लागला, जर्दाळू फुलले, तरी तिथला हिटर मी बंद करत नाही. त्या आत आल्या की आधी त्यावर हात ठेवतात.

आज दुपारी नमंगानचा एक ट्रकवाला एकटाच पुलाव खात बसला होता, भिंतीला पाठ, स्पीकरच्या खाली. ते मोठं वादन वर चढलं आणि उबळ आली. ट्रकवाल्यानं मान वळवली नाही, चघळणंही थांबवलं नाही. चहादाणी उचलली, दुसऱ्या पियाल्यात घोटभर चहा ओतला, आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला ओततात तसा, पियाल्याच्या तळापुरताच, आणि हात मागं करून धरला.

"घ्या अका. घसा ओला करा."

कुणी घेईना. त्याचा हात तसाच. एर्गश अका झारा हातात धरून बघत राहिले. मी उठलो आणि दोन्ही हातांनी पियाला घेतला.

"तुम्ही नव्हे," ट्रकवाला म्हणाला. "खोकला त्यांना झालाय. म्हातारं माणूस वाटतं. कुठं आहेत?"

"आत बसलेत."

"मग न्या की गरम आहे तोवर. आणि सांगा, थंडीत बसू नका म्हणावं, ह्या दिवसांत बाधते."

सांगतो, म्हटलं. पियाला घेऊन मागच्या खोलीत गेलो आणि खालांना सांगितलं, कुणी दिलाय, कुणासाठी, काय निरोप आहे. त्यांनी सूत मांडीवर ठेवलं. अर्धा घोट घेतला आणि उरलेला माझ्यापुढं धरला. मी प्यालो. गरम होता. घशाची खवखव काही गेली नाही, पण बाहेर गिऱ्हाईक होतं, म्हणून मी रिकामा पियाला घेऊन परत गेलो.